आजीआजोबांच्या वस्तूंचे स्थिरचित्र: नवख्या हातांसाठी एक वाट

महाराष्ट्र शासनाच्या रेखाकला परीक्षांना बसलेल्या बहुतेकांना दोन विषय नीट आठवत असतील. समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढायच्या चित्राला एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र म्हणत. एखादा प्रसंग मनात आणून काढायचे ते स्मरणचित्र. दोन्हींचे पेपर वेगळे असत आणि दोन्हींची तयारीही वेगळी असे. आजीआजोबांच्या आठवणींवर पहिलेच चित्र काढू पाहणारा माणूस मात्र या दोहोंची सरमिसळ करतो. तो डोळे मिटून आजीचा तांब्या आठवतो आणि तसाच कागदावर उतरवू लागतो. उतरलेला तांब्या आजीचा नसतो; तो अंकलिपीतल्या चित्रासारखा, कोणाच्याही घरात शोभेल असा असतो. आजीच्या तांब्याला नेमका कुठे पोचा होता, काठ कोणत्या बाजूला दबला होता आणि बूड किती झिजले होते, हे मनाला ठाऊक असते, पण त्याचे माप मनापाशी नसते.

म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत अशी आहे की चित्र काढायचे ते वस्तू समोर ठेवून, पाहूनच. आठवणीचे काम त्याआधीचे आहे. कोणती वस्तू घ्यायची, ती किती उंचीवर ठेवायची आणि तिच्यावर उजेड कोठून पडू द्यायचा, या तीन गोष्टी आठवणीने ठरवायच्या. त्या एकदा ठरल्या की पुढचे काम डोळ्यांचे आणि पेन्सिलीचे. उदाहरणासाठी मी एक साधी मांडणी घेतली आहे: पितळी तांब्या, सुपारीचा अडकित्ता, वाचायचा जुना चष्मा आणि त्यांच्याखाली नऊवारी लुगड्याची घडी. आपल्या घरच्या वस्तू वेगळ्या असतील, पण पायऱ्या त्याच राहतील.

पहिल्या दिवशी फक्त लिहावे

पहिल्या दिवशी चित्राला हात लावू नये. वही घेऊन आजी किंवा आजोबा काहीतरी करत असतानाची पाचसहा वाक्ये लिहावीत आणि त्यांत स्वभाववर्णन येऊ देऊ नये. ‘आजी फार प्रेमळ होती’ या वाक्यातून काढण्याजोगे काहीच हाती येत नाही. ‘आजी दुपारी ओटीवरच्या खांबाला टेकून मिश्री लावत बसे आणि डबीचे झाकण शेजारी उपडे ठेवी’ या वाक्यातून मात्र डबी, झाकण, झाकणाची बाजू, खांब आणि दुपारचा उजेड एवढा ऐवज मिळतो. (मिश्रीची डबी चित्रात घेतल्यास घरातले काही जण नाके मुरडतील. तरीही घ्यावी, देव्हाऱ्यातल्या समईपेक्षा ती आजीच्या हातात अधिक वेळ असे.) लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरे आवर्जून नोंदवावीत: वस्तू कोठे ठेवलेली असे, आपण तिच्याकडे कोठून पाहत असू आणि तेव्हा दिवसाची कोणती वेळ असे.

मी असे चित्र पहिल्यांदा काढायला घेतले, तेव्हा समई, कंदील, पानाचा डबा, पोथी, जपमाळ, खलबत्ता, छत्री असे करत करत अकरा वस्तू मांडल्या होत्या, आणि चित्र एखाद्या ‘अस्सल मराठी थाळी’च्या हॉटेलातील दर्शनी कोपऱ्यासारखे झाले होते. एकेक वस्तू खरी होती, पण त्या सगळ्या एका जागी कधीच नव्हत्या. कंदील रात्री पडवीत असे, पोथी सकाळी देवघरात असे आणि खलबत्ता स्वयंपाकघराबाहेर येतच नसे. त्या अनुभवानंतर मी दोन पथ्ये पाळतो. वस्तू तीन, फार तर चार घ्याव्यात, आणि त्या कधीतरी खरोखरच एकमेकींच्या शेजारी असाव्यात. दुपारचे जेवण झाल्यावर आजोबा पडवीतल्या बाकावर बसले की पाण्याचा तांब्या, अडकित्ता आणि काढून ठेवलेला चष्मा या गोष्टी त्यांच्या उजव्या हाताशी असत, आणि आजी धुतलेल्या लुगड्याची घडी त्याच बाकाच्या टोकाला आणून ठेवी. वरची मांडणी त्या बाकावरून आली आहे. नवख्याला तिचा आणखी एक फायदा असा की पितळ, लोखंड, काच आणि सुती कापड अशा चार पोतांचा अभ्यास एकाच चित्रात होतो.

वस्तू मिळवणे

आजीआजोबांच्या वस्तू वाटण्यांमध्ये चार घरी गेलेल्या असतात, माळ्यावर पडलेल्या असतात किंवा मोडीत गेलेल्या असतात. ज्या काका-मावशीकडे ती वस्तू असेल, त्यांच्याकडून ती पंधरा दिवसांसाठी मागून आणावी आणि कशासाठी हवी आहे ते मोकळेपणाने सांगावे. मागताना निघणाऱ्या गप्पांतून वहीतल्या नोंदींत भर पडते. मूळ वस्तू उरलीच नसेल तर तिच्या जातीची दुसरी चालते. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार येथे वापरलेली पितळी भांडी आणि अडकित्ते अजूनही मिळतात. नवी, मशीनवर घडलेली भांडी शक्यतो टाळावीत, कारण त्यांचा आकार इतका बिनचूक असतो की चित्रात ती दुकानातल्या मालासारखी दिसतात.

आकाराचा अंदाज घेण्यासाठी संग्रहालयांचाही उपयोग होतो. दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभारलेल्या पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे आणि तिथले अडकित्ते व दिवे पाहिले की एकाच कामाच्या वस्तूला किती रूपे असू शकतात ते कळते. गोव्यात बाणावलीचे ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय शेतीच्या आणि घरकामाच्या जुन्या अवजारांसाठी पाहण्यासारखे आहे. अशा ठिकाणी परवानगी घेऊन छोट्या वहीत दोन-तीन रेखाटने करून आणावीत. परदेशात राहणाऱ्यांनी गावाकडच्या भावंडांना वस्तूची उंची आणि रुंदी फूटपट्टीने मोजून पाठवायला सांगावे, म्हणजे जवळपासच्या बाजारात तिच्या बेताची वस्तू शोधता येते.

वस्तू घरी आल्यावर होणारी पहिली चूक म्हणजे ती घासूनपुसून लख्ख करणे. चिंचेने किंवा पितांबरीने उजळलेला तांब्या आरशासारखा वागतो. त्यात खिडकी, दिवा, खोलीतले फर्निचर आणि चित्र काढणारे आपण स्वतः असे सगळे वाकडेतिकडे दिसू लागते आणि नवख्याला त्यातून तांब्याचा आकार शोधता येत नाही. काळसर झालेल्या पितळेवर उजेड सावकाश वळतो आणि गोलाई स्वच्छ कळते. इटलीतल्या बोलोन्या शहरात आयुष्य काढलेले चित्रकार जॉर्जो मोरांदी (1890–1964) वर्षानुवर्षे त्याच त्या बाटल्या आणि भांडी रंगवत राहिले. चकाकी मरावी म्हणून ते काही वस्तूंना बिनचमकीचा रंग फासत आणि त्यांच्यावर बसलेली धूळही तशीच राहू देत. आपल्याला रंग फासण्याची गरज नाही. ओल्या फडक्याने पुसून तांब्या तसाच ठेवावा.

साहित्य

एचबी, 2बी, 4बी आणि 6बी (‘बी’पुढचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल मऊ आणि गडद) अशा चार पेन्सिली पुरतात. कागद 130 ते 150 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, घ्यावा. 22 गुणिले 30 इंचांच्या पूर्ण तावाचा चौथा भाग, म्हणजे 11 गुणिले 15 इंच, हा पहिल्या चित्रासाठी सोयीचा आकार आहे. एक साधे खोडरबर, एक मळून हवा तो आकार देता येणारे मऊ रबर, ड्रॉइंग बोर्ड, दोन क्लिपा आणि पेन्सिलीला लांब टोक काढण्यासाठी ब्लेड एवढे साहित्य झाले की काम सुरू करता येते. महागडे संच घेण्याची घाई करू नये.

उंची: या चित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट

बहुतेक जण वस्तू जेवणाच्या टेबलावर मांडतात, समोर खुर्चीवर बसतात आणि काढू लागतात. चित्र चुकत नाही, पण ते आठवणीशी जुळतही नाही, आणि का जुळत नाही ते काढणाऱ्याला सांगता येत नाही. कारण साधे आहे. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण 105 ते 110 सेंटिमीटर असते, म्हणजे उभे असताना त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटरवर असतात. स्वयंपाकाचा ओटा 85 ते 90 सेंटिमीटर उंच धरला तर त्यावरच्या तांब्याचा काठ त्या मुलाच्या डोळ्यांच्या जवळपास समोर येतो. त्याला तांब्याच्या आतले पाणी दिसत नाही. फळीवरची लोणच्याची बरणी तर त्याला खालूनच दिसते. लहानपणी आपण या वस्तूंकडे वरून पाहिलेलेच नसते, आणि मोठेपणी खुर्चीवर बसून आपण त्या वरून पाहून काढतो.

त्यामुळे वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे वापरावे. वस्तू ओट्यावर किंवा तेवढ्याच उंचीवर असे आणि आपण उभे असू, तर टेबलावर एक स्टूल किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवून त्यावर मांडणी करावी, म्हणजे आपण खुर्चीवर बसल्यावर तांब्याचा काठ डोळ्यांच्या पातळीपेक्षा फक्त तीन-चार बोटे खाली राहील. वस्तू फळीवर असे, तर मांडणी डोळ्यांच्या वर न्यावी. आपण आजीच्या मांडीवर बसून परातीत वाकून पाहत असू, तर मात्र वस्तू जमिनीवर ठेवून वरून पाहणे योग्य होईल. मांडणीपासून सुमारे पाच फुटांवर बसावे. त्याहून जवळ बसल्यास एका नजरेत सगळी मांडणी मावत नाही आणि आकार फुगीर दिसू लागतात.

उंचीतला हा बदल कागदावर कसा दिसतो, हे समजण्यासाठी लंबगोल समजून घ्यावा लागतो. तांब्याचा काठ गोल असतो, पण आपल्याला तो तिरका दिसत असल्याने लंबगोल भासतो. तो अगदी डोळ्यांसमोर असला तर नुसती आडवी रेषा दिसते. डोळ्यांच्या थोडा खाली असला तर अरुंद लंबगोल दिसतो. आणि जितका खाली जाईल तितका हा लंबगोल अधिक उघडत जातो. एकाच तांब्यात काठाचा लंबगोल अरुंद असतो आणि बुडाचा त्याहून अधिक उघडा असतो. नवख्यांच्या दहांपैकी नऊ चित्रांत हे नेमके उलटे दिसते: काठ भरपूर उघडा, कारण ‘तांब्याचे तोंड गोल असते’ हे आपल्याला माहीत असते, आणि बूड सरळ रेषेत कापलेले, कारण ‘तांब्या सपाट जागेवर बसतो’ हेही माहीत असते. असा तांब्या कागदावरून घसरतो आहे असे वाटते. चित्राला बसण्यापूर्वी एक ग्लास हातात धरून तो डोळ्यांसमोरून हळूहळू खाली न्यावा आणि त्याच्या काठाचा आकार कसा बदलत जातो ते दोन मिनिटे नुसते पाहावे.

वस्तूंची आपसातली जागा ठरवताना कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी चौकट कापून घ्यावी आणि तिच्यातून एक डोळा मिटून मांडणी पाहावी. तांब्या बरोबर मधोमध ठेवू नये. चष्मा आणि अडकित्ता सुटे ठेवण्याऐवजी एक वस्तू दुसरीच्या किंचित मागे जाऊ द्यावी. माझ्या मांडणीत चष्मा आजोबांच्या सवयीप्रमाणे काचा वर आणि काड्या अर्धवट दुमडलेल्या असा ठेवला आहे, आणि त्याची एक काडी लुगड्याच्या घडीवर चढली आहे. आजी आणि आजोबा या दोघांविषयी जे काही सांगायचे असेल ते अशा अंतरांतून सांगता येते. त्यासाठी मागे दोघांचा फोटो टेकवून ठेवण्याची गरज नसते, आणि तो ठेवूही नये, कारण फोटो आला की पाहणारा बाकी काहीच पाहत नाही. मांडणी पक्की झाल्यावर प्रत्येक वस्तूभोवती खडूने बारीक खूण करून ठेवावी. घरात मुले किंवा मांजर असेल तर ही सूचना दोनदा वाचावी.

उजेड

जुन्या घरांतला उजेड एका बाजूने येत असे. कोकणातल्या कौलारू घरात छपरात बसवलेल्या एखाद्या काचेच्या कौलातून उजेडाचा झोत खाली येई. वाड्याच्या माजघरात तो फक्त दाराकडून येई आणि कोपरे दिवसाही अंधारे राहत. आजच्या घरात छताला दोन-तीन दिवे असतात, प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन पुसट सावल्या पडतात आणि गोलाई मरते. म्हणून छतावरचे सगळे दिवे बंद करावेत आणि एकाच खिडकीचा उजेड ठेवावा. उत्तरेकडची खिडकी असल्यास उत्तम, कारण त्या बाजूने ऊन थेट आत येत नाही आणि उजेड बराच वेळ सारखा राहतो. आठवण दुपारच्या पश्चिमेच्या उन्हाची असेल, तर तासाभरात सावल्या सरकतील हे धरून चालावे. बसल्या बसल्या पहिल्या दहा मिनिटांत पडछायांच्या कडा कागदावर नोंदवून टाकाव्यात आणि पुढे सावल्या कितीही सरकल्या तरी त्या नोंदी बदलू नयेत. रात्रीच वेळ मिळत असेल तर टेबलावरचा एक दिवा मांडणीच्या डावीकडे, साधारण 45 अंशांच्या कोनात वर ठेवावा.

पेटलेला कंदील किंवा निरांजन चित्रातच घ्यावे, असा मोह अनेकांना होतो. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र पाहिले की हा मोह कशाने होतो ते समजते: ज्योतीवर आडोसा धरलेल्या बोटांमधून उजेड झिरपताना दिसतो. पण ज्योत चित्रात आली की कागदाचा कोरा पांढरा सोडून तिच्याइतके उजळ काहीही ठेवता येत नाही आणि बाकी सगळे चित्र त्या प्रमाणात काळे करावे लागते. पहिल्या चित्रात कंदील घ्यायचाच असेल तर तो विझलेला घ्यावा.

मोबाईलने फोटो काढून त्यावरून चित्र काढावे का, असे हमखास विचारले जाते. माझ्या मते काढू नये. मोबाईल वस्तूच्या जवळ नेल्यावर जवळचा भाग अवाजवी मोठा येतो, तांब्याचे पोट फुगते आणि सावल्यांतले तपशील काळ्यात बुडतात. फोटो घ्यावा तो फक्त मांडणी हलली तर ती पुन्हा लावता यावी म्हणून.

कच्चे रेखाटन

कागदावर सुरुवात वस्तूंपासून करू नये. एचबी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, संपूर्ण मांडणीची वरची, खालची, डावी आणि उजवी हद्द दाखवणाऱ्या चार खुणा कराव्यात, म्हणजे शेवटी अडकित्त्याची मूठ कागदाबाहेर जाण्याचा प्रसंग येत नाही. मग हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीचे टोक तांब्याच्या काठावर व अंगठ्याचे नख बुडावर आणून तांब्याची उंची मोजावी. तेवढेच माप आडवे करून पोटाच्या रुंदीशी ताडून पाहावे. माझ्या तांब्याची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी निघाली आणि मला धक्का बसला, कारण मनातला तांब्या चांगला उंच होता. येथे मनाचे ऐकू नये. तांब्या हे माप धरून अडकित्त्याची लांबी, चष्म्याची रुंदी आणि घडीची जाडी त्याच्या तुलनेत किती आहे ते पाहत जावे. हात प्रत्येक वेळी तितकाच लांब राहिला पाहिजे. मधेच कोपर वाकले की सगळी मापे बदलतात.

तांब्यासाठी आधी एक उभी मध्यरेषा काढावी. तिच्यावर काठ, गळा, पोटाचा सर्वांत फुगीर भाग आणि बूड यांच्या उंचीच्या खुणा कराव्यात, प्रत्येक ठिकाणी लंबगोल पूर्ण काढावा आणि मग बाजूच्या वळणांनी ते जोडावेत. मागची न दिसणारी बाजूही काढावी, कारण अर्धा लंबगोल नेमका काढणे पूर्ण लंबगोल काढण्यापेक्षा अवघड असते. नको असलेली रेषा नंतर पुसता येते. लंबगोलाची दोन्ही टोके गोलसर असावीत, होडीच्या टोकांसारखी टोकदार होऊ देऊ नयेत. दोन्ही बाजू सारख्या झाल्या आहेत का, ते कागद उलटा धरून पाहिल्यावर लगेच कळते. तांब्याला पोचा असेल तर तो या टप्प्यानंतरच घालावा; आधी धड तांब्या उभा राहू द्यावा आणि मग त्याला पाडावा.

अडकित्त्याची गंमत अशी की तो त्याच्या स्वतःच्या आकारापेक्षा त्याच्यामधल्या रिकाम्या जागेने लवकर सापडतो. दोन दांड्यांच्या मधोमध जो लांबट, टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार दिसतो, तो एखादी स्वतंत्र वस्तू असल्यासारखा आधी काढावा. दांडे मग आपोआप जागेवर येतात. खिळ्याची जागा चुकली तर अडकित्ता मिटणारच नाही असा दिसतो, म्हणून ती दोनदा मोजावी. चष्म्यासाठीही हीच युक्ती वापरावी: आधी दोन काचांमधली आणि काड्यांमधली जागा काढावी. चष्मा तिरका असल्यास दूरची काच जवळच्या काचेपेक्षा अरुंद दिसते; दोन्ही सारख्या काढण्याचा हाताचा हट्ट मोडून काढावा लागतो.

या टप्प्यावर चित्र भिंतीला टेकवून सहा-सात फुटांवरून पाहावे आणि त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे. रेखाटन आणि छायाप्रकाश एकाच बैठकीत करू नयेत.

छायाप्रकाश

दुसऱ्या दिवशी सुरुवातीला एका वेगळ्या कपट्यावर कोऱ्या कागदापासून 6बीच्या पूर्ण काळ्यापर्यंत पाच छटांची पट्टी करून घ्यावी आणि ती चित्राशेजारी ठेवावी. मग डोळे बारीक करून मांडणीकडे पाहावे. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि फक्त उजेड व अंधार यांचे मोठे तुकडे उरतात. त्यांतले सर्वांत गडद तुकडे कोणते, ते ठरवून 2बीने सगळ्या चित्रात एकदमच हलकी छटा द्यावी. एक तांब्या पूर्ण करून मग अडकित्त्याकडे वळणे टाळावे, कारण तसे केल्याने प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या खोलीत बसल्यासारखी दिसते. बोटाने छटा घासून गुळगुळीत करण्याची सवय अनेकांना शाळेपासून लागलेली असते. त्याने कागदावर तेलकट डाग पडतात आणि पितळ, कापड, लोखंड सगळे एकाच साबणाचे केल्यासारखे दिसते. पेन्सिलीच्या रेषा वस्तूच्या वळणाच्या दिशेने द्याव्यात आणि त्या दिसू द्याव्यात.

तांब्याच्या पोटावर उजेडाकडून सावलीकडे जाताना सर्वांत गडद भाग अगदी कडेला नसतो, तो कडेच्या थोडा आत असतो. कडेजवळ खालच्या कापडाचा परावर्तित उजेड पोटावर परत येतो. कड काळ्या रेषेने बंद केली की ही गोलाई संपते. तकाकीचा ठिपका कोरा कागद राखून ठेवावा, किंवा शेवटी मऊ रबराला टोक काढून उचलावा, आणि तो एक-दोन ठिकाणीच असावा. अडकित्त्याच्या लोखंडाला तकाकी फार नसते, पण पात्याच्या धारेवर एक बारीक उजळ रेषा असते. ती अखंड न ठेवता मधे तुटू द्यावी, म्हणजे वापराने आलेले खाचे दिसतात.

चष्म्यावर थोडे अधिक थांबावे, कारण येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वाचायच्या चष्म्याची भिंगे बहिर्गोल असतात, त्यामुळे काचेखालचा कापडाचा भाग शेजारच्या कापडापेक्षा मोठा दिसतो आणि काठाची रेषा काचेच्या कडेशी तुटून थोडी सरकते. डोळ्यांत कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी मोतीबिंदू काढलेल्या माणसांना फार जाड भिंगे लावावी लागत; घरात तसा चष्मा असेल तर हा फरक इतका ठळक असतो की लुगड्याचे विणकामही काचेत वेगळ्या मापाचे दिसते. हे सरकणे आणि मोठे होणे काढले की काच वेगळी काढावी लागत नाही. चष्म्याच्या सावलीतही एक आश्चर्य असते: भिंग उजेड गोळा करत असल्याने सावलीच्या मध्ये एक उजळ डाग पडतो. सावली म्हणजे काळी असे समजून तो बुजवून टाकू नये.

चित्रकलेच्या वर्गात ज्याला ड्रेपरी म्हणतात, ते कापड नवखे लोक शेवटी उरकतात. लुगड्याच्या घडीत आधी तिचा मोठा पेटीसारखा आकार पाहावा: वरची उजळ बाजू, समोरची मध्यम बाजू आणि बाजूची गडद बाजू. त्यानंतर घडीच्या थरांच्या कडा घ्याव्यात, आणि काठाची नक्षी अगदी शेवटी, तीही उजेडातल्या तेवढ्याच भागात नीट काढून सावलीत विरू द्यावी. लुगड्याऐवजी गोधडी घेतली असेल तर प्रत्येक टाका काढण्याच्या फंदात पडू नये. धावदोऱ्याच्या ओळींमध्ये कापड जेथे किंचित फुगते तेथे हलकी छटा दिली आणि एका कोपऱ्यात पंधरावीस टाके मन लावून काढले की बाकीची गोधडी पाहणाऱ्याचे डोळे पूर्ण करतात.

सर्वांत गडद छटा, म्हणजे 6बीचा पूर्ण जोर, फक्त तीनचार ठिकाणी राखून ठेवावी: तांब्याच्या बुडाखाली, अडकित्ता कापडाला टेकतो तेथे, आणि दुमडलेल्या काड्यांच्या सांध्यात. वस्तू जमिनीवर टेकल्यासारख्या दिसतात त्या या बारीक काळ्या फटींमुळे. मागची भिंत पूर्ण पांढरी ठेवू नये. उजेडाच्या बाजूला ती थोडी गडद आणि सावलीच्या बाजूला थोडी उजळ ठेवली की तांब्या भिंतीपासून सुटून पुढे येतो.

चित्र पुरे झाले हे कसे ओळखावे, याचे उत्तर मला एकच देता येते. वस्तूकडे न पाहता पेन्सिल चालू लागली की थांबावे. त्यानंतर हात सवयीने चालतो आणि जे नेमके उतरले आहे तेही बुजवू लागतो.

चित्र टिकवणे

पेन्सिलीचे काम हाताच्या घर्षणाने पसरते, म्हणून काम चालू असताना मनगटाखाली एक कोरा कागद ठेवावा आणि पूर्ण झाल्यावर चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या फिक्सेटिव्हचे (पेन्सिलीचे काम कागदावर पक्के धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ थर, मधे दहा मिनिटे वाळू देऊन, उघड्या खिडकीशी द्यावेत. त्याऐवजी केसांचा स्प्रे मारण्याचा सल्ला दिला जातो, पण त्याने कागद पुढे पिवळा पडू शकतो. फ्रेम करताना चारही बाजूंनी माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्यावा, म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही, आणि फ्रेम थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये.

फ्रेम बंद करण्यापूर्वी कागदाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, तारीख, गाव आणि तांब्या कोणाचा, अडकित्ता कोणाचा, चष्मा कोणाचा व त्या वस्तू आता कोणाकडे आहेत, हे 2बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. बॉलपेन किंवा स्केचपेन वापरू नये. दाबाने समोरच्या बाजूला उठाव येतो आणि काही शाया कालांतराने कागदातून पुढे उतरतात.